खांदमळणीचं तेल

वैशाखातल्या एका दुपारी माझे चुलत दीर कचरूभावजी आमच्या दारात आले. आत या म्हटलं तरी आले नाहीत. उंबऱ्याबाहेरच उभं राहून म्हणाले, "वहिनी, समईला जो चिकटा धरतो, तो तुम्ही कशानं काढता?"

मी गहू निवडत बसले होते. मला हसू आलं. "का हो, पुष्पाबाईंनी आज देवाची भांडी घासायला लावली का?"

ते हसले नाहीत. "पिवळा चिकटा," म्हणाले. "वाळून दगडावानी होतो तो. नखानं निघत न्हाई."

"गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकायचा आणि भिजत ठेवायचं. मऊ पडला की चिंचेनं घासायचं. तेल सांडून वाळलं की असंच होतं. आमच्या तेलाच्या डब्याचं झाकणसुद्धा असंच बसतं."

"डिझेलनं न्हाई निघत?"

"समईला डिझेल कोण लावतं भावजी?"

"तेबी बराबर आहे," म्हणाले आणि तसेच उभे राहिले. त्यांच्या हातात एक फडकं होतं. जरा वेळानं त्यांनी ते उघडून माझ्यापुढं धरलं. आत गाडीच्या चाकाचा एक नट होता, छिन्नीनं फोडलेला. त्याच्या आतल्या आट्यांमध्ये मधासारखा पिवळा थर बसला होता. "हे बघा. तसलंच आहे ना?"

मी नख लावून पाहिलं, मग वास घेतला. जुन्या करडईच्या तेलाचा वास कोणाही बाईला कळतो. "तसलंच आहे," मी म्हटलं. "हे कुठलं?"

त्यांनी फडकं गुंडाळलं. चेहरा असा झाला होता, की कोणी चारचौघांत त्यांच्या डोक्यावरची टोपी ओढून घेतली असावी. तसेच निघून गेले.

मला तेव्हा सगळं कळलं नव्हतं, पण थोडं कळलं होतं. कारण ते तेल लावताना मी त्यांना पाहिलं होतं.

कचरूभावजींच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली म्हणून यांचं नाव कचरू ठेवलं, देवाची नजर जाऊ नये म्हणून. देवाची नजर गेली नाही, पण हात मात्र देवानं चांगले दिले. हसनाबादला आमच्या गल्लीत काहीही अडलं, नळाची तोटी असो, मोटारपंपाचा बोल्ट असो, सायकलचं पायडल असो, लोक आधी त्यांच्याकडं जातात. शेती थोडी, कपाशी आणि मका. बाकीचा वेळ ते आपल्या जुन्या व्हॅनखाली पडलेले असतात. गॅरेजला त्यांनी ती कधी नेली नाही. पाय तेवढे बाहेर दिसतात आणि पुष्पाबाई, म्हणजे माझ्या जाऊबाई, त्या पायांशीच बोलतात. "जेवायला वाढू का?" तर एक पाय हलतो. तो हो समजायचा.

अडकलेला नट सोडवणं ही त्यांची खरी विद्या. आमच्या यांना एकदा शिकवत होते ते मी ऐकलंय. "नटाशी भांडायचं न्हाई दादा. त्याला पहिले जरासा अजून आवळायचा. त्याला वाटतं, आपलंच खरं झालं. मंग उलटा फिरवायचा." मग हातोडीनं चारी बाजूंनी हळूहळू ठोकायचं, वैद्य पोट बडवून बघतो तसं. डिझेलचे थेंब सोडायचे. आणि वाट बघायची. "जोर लावणाऱ्याचा बोल्ट तुटतो," म्हणायचे. या कामाचं ते कोणाकडून काही घेत नाहीत. अभिमान एवढाच, की माझ्या हाताखालून गेलेला नट पुन्हा कधी अडत नाही. हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं, की पोरं त्यांची नक्कल करायची.

त्यांचा शेवटचा बैल पवळ्या म्हातारा होऊन गोठ्यातच गेला. त्यानंतर त्यांनी बैल घेतला नाही. पण पोळा आला की या माणसाला चैन पडेना. पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांची खांदमळण असते. वर्षभर जू ओढून कडक झालेल्या खांद्याला तेल-हळद चोळायची आणि कानात सांगायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. भावजींनी व्हॅन धुतली, वाटीत घरच्या करडईचं घाण्याचं तेल घेतलं, त्यात हळद कालवली आणि व्हॅनची खांदमळण केली.

"आता व्हॅनला पुरणपोळी चारा," पुष्पाबाई म्हणाल्या.

"तिला पेट्रोल चारतो. पोळी मला दे."

बैलाचा भार खांद्यावर, तसा गाडीचा भार कशावर, असा विचार त्यांनी केला असणार. चाकाच्या नटावर. म्हणून ते एकेक नट उघडायचे, तेल-हळदीत बुचकळायचे, परत बसवायचे आणि पान्यावर उभं राहून आवळायचे. मग बॉनेटवर हात ठेवून आवतण द्यायचे. दरवर्षी. व्हॅनला कधी काही झालं नाही, कारण ती चाकं ते दर महिन्याला काही ना काही कारणानं काढतच असतात. नटावरच्या तेलाला वाळायला सवडच मिळत नव्हती. हे मला आता कळतं. त्यांनाही तेव्हा माहीत नव्हतं.

त्यांच्या समोरचं घर गयासोद्दीनभाईंचं. कापडाचे गठ्ठे गाडीत टाकून ते आठवडी बाजार करतात. दोघं लहानपणापासूनचे. गयासभाईंची आई लवकर गेली, त्यांना मोठी बहीण अलमास आपानं वाढवलं. आपाच्या चुलीजवळ एक गयास आणि एक कचरू असे दोघं जेवायला असायचे. कोण कुणाच्या ताटातलं उचलतो म्हणून मार दोघांनाही पडायचा. आपा लग्न होऊन वडीगोद्रीला गेली, पण ईदला शिरखुर्म्याचे दोन डबे पाठवायची. एक इकडच्या दाराला, एक तिकडच्या.

गेल्या पोळ्याच्या आधी गयासभाईंनी आपल्या पांढऱ्या गाडीला चारी टायर नवे टाकले, फाट्यावरच्या बद्रीनाथच्या दुकानात. खांदमळणीच्या सांजेला भावजी आपल्या व्हॅनचं करत होते, तर गयासभाई नमाजाला निघाले. जाता जाता म्हणाले, "तुझ्याच गाडीचं कौतुक करतो का रे? आमची काय सावत्र आहे?"

"ये, तिचाबी खांदा मळून देतो."

"मळ बाबा. बिलकुल मळ. पण टिळा लावला तर तुझी भाभी मला घरात घेणार न्हाई."

"टिळा न्हाई. आतूनच लावतो."

गयासभाई हसत गेले. येईपर्यंत भावजींचं काम झालं होतं. मी ओट्यावर बसून वाती वळत होते, मला समोर दिसत होतं. चारी चाकांचे नट त्यांनी उघडले, बुचकळले, बसवले. पान्यावर उभं राहून दोनदा उड्यासुद्धा मारल्या, मित्राची गाडी आहे, ढिली राहायला नको म्हणून. गयासभाईंना वाटलं, वरून बोट फिरवलं असेल. त्यांनी विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही होतं असं त्या वेळी कोणाला वाटणार?

त्यानंतर हिवाळा गेला, उन्हाळा आला. टायर नवे, चाक काढायची वेळच आली नाही.

वैशाखात सकाळीच वडीगोद्रीहून फोन आला. आपा गेल्या. उन्हाळ्याचे दिवस, मय्यत ठेवता येत नाही. जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजानंतर दफन ठरलं. कचरूभावजी त्या दिवशी मका घेऊन जालन्याच्या मोंढ्यात गेले होते. गयासभाई आणि अजीजभाभी, म्हणजे त्यांच्या बायको अजीजुन्निसा, दोघंच गाडीत बसून निघाले. वेळ भरपूर होता.

अंबडच्या पुढं टायर बसलं. स्टेपनी चांगली होती, जॅकही होता. गयासभाईंनी पाना लावला. एक नट हलला नाही. दुसरा लावला, तो नाही. सगळे बघितले. पाना घसरून बोटांची सालं निघाली. पाण्याचा टँकर घेऊन जाणारा एक माणूस थांबला, त्यानं पान्याला पाइप घालून जोर केला, तर पानाच वाकला. वडीगोद्रीहून भाचा सारखा फोन करत होता, मामू, कुठपर्यंत आलात? आणि गयासभाई दर वेळी सांगत होते, "बस, नट सुटून राह्यला. सुटला की निघालोच." अजीजभाभी मला नंतर म्हणाल्या, "रस्त्याकडं बघायला पाहिजे होतं, ताई. पण आम्ही नटाकडंच बघत राहिलो. वाटायचं, आता हलेल."

शेवटी मोसंबीच्या एका टेम्पोनं त्यांना घेतलं. गावात शिरले तेव्हा लोक कब्रस्तानातून परत येत होते. हाताला माती होती.

आईच्या जागी असलेल्या बहिणीला मूठभर माती देणं, एवढंच उरलेलं असतं माणसाच्या हातात. ते राहिलं.

त्या चाकाचे नट दुसऱ्या दिवशी भाच्यानं कारागीर आणून छिन्नीनं फोडले. गयासभाई हसनाबादला परत आले ते तडक बद्रीनाथच्या दुकानापुढं थांबले. बाजाराचा दिवस होता. त्यांनी फोडलेले नट टेबलावर फेकले आणि भरल्या गर्दीत म्हणाले, "हे तू आवळले होते. मशीन लावून, जनावरावानी. तुझ्यामुळं मी माझ्या आपाला मिट्टी देऊ शकलो न्हाई. अल्ला बघून घेईल तुला."

बद्रीनाथ हातातलं टायर धरून उभा होता. "मामू, मी बराबरच आवळले होते. सगळ्यांचे आवळतो तसेच." पण दुःखातल्या माणसाशी कोण वाद घालणार? तो पुन्हा टायर बसवायला लागला. ऐकलं मात्र सगळ्यांनी.

कचरूभावजी तिथंच चहाच्या टपरीवर होते. गयासभाई गेल्यावर त्यांनी टेबलावरचा एक नट उचलला. बद्रीनाथला म्हणाले, "बघू दे जरा." बघितला. आणि त्याच दुपारी ते माझ्या दारात आले, समईचं विचारायला.

त्यानंतरचे दिवस त्यांचे कसे गेले ते मी समोरून पाहिलं. व्हॅनखालचे पाय दिसेनासे झाले. फाट्याकडं जायचं तर ते विहिरीकडून फेरा घालून जायला लागले, बद्रीनाथचं दुकान लागू नये म्हणून. आणि बद्रीनाथकडं गेलेला माणूस त्याला मुद्दाम म्हणायचा, "बाबा, उघडंल असं बसव. आम्हाला भी सोयरेधायरे आहेत." काही लोक तर गाडी पुढं भोकरदनला न्यायला लागले. पुष्पाबाई माझ्याकडं येऊन रडल्या. "ताट तसंच सारतात. विचारलं तर म्हणतात, पोट बरं न्हाई. काय झालं असंल हो यांना?" मला अंदाज होता. पण तो अंदाज दुसऱ्याच्या घरात बोलून टाकायचा नसतो. मी राजूरच्या गणपतीला हात जोडले, की या माणसाला तोंड उघडायची बुद्धी दे.

सगळ्यात वाईट झालं ते गयासभाईंमुळं. त्यांना वाटलं, कचरूला आपाचं दुःख झालंय. खरं तर तेही झालंच होतं. एका सांजेला ते स्वतः उठून भावजींच्या घरी आले, शेजारी बसले, पाठीवर हात ठेवला. "तुला भी लागलं ना रे. आपा म्हणायची, मला दोन भाऊ आहेत, एक गयास अन् एक फुकटचा." ते ऐकून भावजी हमसून हमसून रडले. गयासभाईंनी आपल्या खांद्यावरच्या रुमालानं त्यांचे डोळे पुसले. पुष्पाबाईंनी मला हे मोठ्या समाधानानं सांगितलं. म्हणाल्या, मोकळे झाले एकदाचे. पण दुसऱ्या दिवशी भावजी जास्तच खाली मान घालून दिसले.

आपा जाऊन चाळीस दिवस होत आले, त्यांचा चाळिसावा जवळ आला. वडीगोद्रीला पुन्हा जायचं होतं, त्याच गाडीतून. आणि त्या गाडीची बाकीची तीन चाकं अजून तशीच होती. हे सगळ्या गावात एकाच माणसाला माहीत होतं.

ते माझ्याकडं आले. "वहिनी, सोडा आहे का घरात? पुष्पाकडं मागितला तर कशाला म्हणून विचारंल."

मी पुडा दिला. "भावजी," म्हटलं, "नुसतीच चाकं सोडवणार का?"

त्यांना समजलं, की मला समजलंय. पुड्याकडं बघत म्हणाले, "पहिले चाकं तर सोडवू द्या."

म्हणजे हा माणूस नट सोडवून देणार आणि गप्प राहणार होता. पुन्हा रस्त्यात घात होऊ नये एवढं करायचं आणि बाकीचं पोटात ठेवायचं. मला राग आला. पण पुडा त्यांनी चोरल्यासारखा सदऱ्याखाली लपवला, ते बघून मी राग गिळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गयासभाईंना सांगितलं, "तुझी बाकीची चाकं बघून देतो. जायच्या आधी खात्री असलेली बरी."

"हां, बघ. त्या बद्रीचा काय भरोसा."

गाडी दोन्ही घरांच्या मधोमध उभी होती. भावजींनी चुलीवर पातेलंभर पाणी उकळवून आणलं, त्यात सोडा टाकला. चिंध्या त्यात बुडवून नटांभोवती गुंडाळल्या. थंड झाल्या की पुन्हा बुडवायच्या. मध्ये हातोडीनं ठोकायचं, मग पुन्हा चिंधी. गयासभाई जवळच स्टूल टाकून बसले होते.

"हे काय नवीन काढलं? कपडे धुऊन राह्यला का नट?"

"चिकटा धरलाय. डिझेलला ऐकत न्हाई तो."

"नटाला पोटीस लावणारा डॉक्टर मी पहिल्यांदा पाहतोय."

मी आमच्या ओट्यावर होते. अजीजभाभी चहा घेऊन दारात आल्या. तेवढ्यात भावजींनी पहिल्या चाकाची चिंधी पिळली आणि तिच्यातून लाल पाणी निघालं. चाकावरून लाल ओघळ खाली मातीत उतरले.

गयासभाई वाकून बघायला लागले. "हे काय रे? गंज आहे का?"

भावजी चिंधी हातात धरून बसले होते. ती परत पातेल्यात बुडवत म्हणाले, "हो. गंज."

मी अजीजभाभींकडं पाहिलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. हळदीला सोडा लागला की ती लाल होते, हे ज्यानं कधी हळदीचा डाग साबणानं धुतलाय त्याला शिकवावं लागत नाही. पदरावर, उशीच्या अभ्र्यावर आम्ही जन्मभर ते बघत आलो. पण गयासभाईंनी कधी धुणं धुतलं नव्हतं. अजीजभाभींनी चहा खाली ठेवला आणि त्या दारातच बसल्या. त्यांच्या बसण्यात काहीतरी असं होतं, की भावजींना वर बघवलं नाही.

पहिल्या चाकाचे नट सुटले. कर्र करून प्रत्येकानं आवाज केला. दुसरं चाक झालं. प्रत्येक चिंधीतून लाल पाणी येत होतं, आणि भावजी ते घाईघाईनं मातीनं झाकत होते. गयासभाईंनी पान्यावर पाइप धरला होता, दोघं मिळून जोर करत होते. जोर करता करता ते बद्रीनाथला बोलत होते. "मी सोडणार न्हाई त्याला. दफनाच्या दिवशी... माझ्या हाताची चामडी गेली रे, पण नट हलला न्हाई. त्याला काय कळणार. त्याचं कोण मेलं होतं?"

तिसऱ्या चाकाचा एकच नट राहिला होता. भावजींनी चिंधी पिळली. या वेळी त्यांनी माती सारली नाही. लाल पाण्याकडं बघत बसले.

"गंज न्हाई गयास," ते म्हणाले. "हळद आहे."

"कसली हळद?"

"माझी. पोळ्याची. तू नमाजाला गेल्ता तवा मी सगळे नट उघडले होते. हातानं सुटले होते, सहज. बद्रीनं आवळलेलं मी तवाच सोडलं. तेलात बुडवून परत मीच बसवले अन् पान्यावर उड्या मारून मीच आवळले. ते तेल वाळून चिकटा झालं. बद्रीचा काही संबंध न्हाई."

गयासभाईंच्या हातात पाइप होता. तो त्यांनी खाली ठेवला. पुष्पाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला.

"कवापासून माहीत आहे तुला?"

"तू नट फेकले त्या दिवशी. एक मी उचलला, तवा."

"म्हणजे मी तुझ्या घरी आल्तो, तुझ्याजवळ बसलो होतो, तवा भी माहीत होतं?"

"तवा भी."

"मी तुझे डोळे पुसले."

भावजींनी चिंधी खाली टाकली. काळे झालेले हात मांडीवर उलटे ठेवून बसले होते. मान इतकी खाली, की टोपी पडेल असं वाटत होतं.

गयासभाई ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं मला ओट्यावरूनही वाटलं. ते हळू आवाजात म्हणाले, "तेल तर तू चांगल्या दिलानं लावलं. त्याचं मी काही म्हणत न्हाई. नसीब माझं. पण गप्प कोणत्या दिलानं बसला?"

"शरम वाटली."

"अन् आता?"

"आता जास्त वाटून राह्यली."

दारातल्या चहावर साय धरली. मग गयासभाईंनी पाइप उचलून पान्यात घातला. "हा शेवटचा नट उघड," म्हणाले. दोघांनी मिळून जोर केला. तो सुटला. भावजींनी सगळे नट सोड्याच्या पाण्यात उकळून, पुसून, कोरडे करून बसवले. या वेळी पान्यावर उभे राहिले नाहीत. हातानंच पाना फिरवून आवळले. जॅक काढला, तसे गयासभाई उठले.

"उद्या बाजार आहे. मी भरल्या बाजारात बोललो होतो. तू भरल्या बाजारात सांग. जेवढ्यांनी माझं ऐकलं तेवढ्यांनी तुझं ऐकलं पाहिजे." आणि घरात गेले. त्यांच्या मागं अजीजभाभींनी चहाचे कप उचलले. भावजींचा कपही उचलला, भरलेला.

दुसऱ्या दिवशी भावजी बद्रीनाथच्या दुकानापुढं गेले. आमचे हे भाजी आणायला गेले होते, त्यांनी पाहिलं. गयासभाई आधीच तिथं उभे होते. कचरूभावजींनी टोपी काढून हातात घेतली आणि बद्रीनाथला जे झालं ते सगळं सांगितलं, पोळ्यापासून. आवाज नीट निघत नव्हता. मागून कोणीतरी म्हणालं, "जोरात बोला, ऐकू येईना." मग त्यांनी पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, जोरात. माझ्या हाताखालून गेलेला नट अडत नाही म्हणणारा माणूस.

त्यानंतर गयासभाई पुढं झाले. "बद्री, मी तुला अल्लाचं नाव घेऊन बोललो. ते माझ्यावर राहिलं. माफ कर बेटा."

बद्रीनाथ पंक्चरच्या पाण्यात ट्यूब बुडवत होता. त्यानं बुडबुडा कुठून येतो ते आधी बघितलं, तिथं खूण केली, मग वर पाहिलं. "मामू, तुमचं काही न्हाई. तुमच्या घरी मय्यत होती." मग कचरूभावजींकडं वळून म्हणाला, "काका, एकच करा. पुढच्या पोळ्याला बैलाला ग्रीस लावू नका, म्हणजे झालं."

टपरीवरची सगळी माणसं हसली. गयासभाईसुद्धा तोंड फिरवून थोडं हसले, असं आमचे हे म्हणतात. भावजी मात्र टोपी हातात धरून तसेच उभे राहिले. हसणं संपेपर्यंत. मग घरी आले आणि सरळ गोठ्यात जाऊन बसले, पवळ्याच्या रिकाम्या गव्हाणीजवळ.

चाळिसाव्याला गयासभाई वडीगोद्रीला गेले, पण भावजींना चल म्हणाले नाहीत. गाडी गल्लीतून निघाली तेव्हा भावजी ओट्यावर येऊन उभे होते. गाडी वळेपर्यंत ते तिच्या चाकांकडं बघत होते. सांजेला ती धडपणी परत आली, तेव्हा कुठं ते जेवले. त्यानंतर दर महिन्याला एकदा ते न विचारता समोर जायला लागले. त्या गाडीचे नट एकेक करून उघडायचे, पुसायचे, कोरडे बसवायचे. गयासभाई बाहेर आले नाहीत तरी चालायचं. आत येऊन चहा घ्या म्हटलं तर म्हणायचे, हात घाण आहेत. अजीजभाभी म्हणायच्या, पाणी देते. तर म्हणायचे, पुढच्या वेळी.

या वर्षीचा पोळा आला. खांदमळणीच्या सांजेला पुष्पाबाईंनी सवयीनं वाटीत तेल-हळद कालवून ठेवली. भावजींनी ती बघितली आणि उचलून माझ्याकडं आणून दिली. "वहिनी, शेजारच्या कोणाच्या बैलाला पाठवा. ज्याला खांदा आहे त्याला."

मग त्यांनी व्हॅन धुतली. नटांना हात लावला नाही. कोरड्या फडक्यानं बॉनेट पुसलं, त्यावर तळहात ठेवला आणि अगदी हळू, कोणाला ऐकू जाऊ नये असं म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

समोरच्या दारात गयासभाई नमाजाला निघाले होते. पायात चप्पल घालता घालता थांबले.

"अन् आमच्या गाडीला आवतण न्हाई का?"

भावजी वळले नाहीत. त्यांची पाठ माझ्याकडं होती, चेहरा मला दिसला नाही. फडकं त्यांनी दोनदा झटकलं, घडी घातली, पुन्हा मोडली. मग गल्ली ओलांडून गेले, त्या पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर कोरडा हात ठेवला आणि मान खाली घालून ते शब्द म्हणाले. या वेळी जरा मोठ्यानं, माझ्या ओट्यापर्यंत ऐकू येईल इतकं.

गयासभाई ऐकेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "उद्या तू भी ये जेवायला. हात धुऊन ये." आणि मशिदीकडं निघून गेले.